चेहरा शेवटी बघा : जुन्या होपी आणि झुनी बाहुल्या कशा ओळखायच्या

सोंड दिसली की गणपती, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ती मूर्ती पेशवाईतली की परवा पेणहून आलेली, हे काही सोंडेवरून कळत नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या होपी आणि न्यू मेक्सिकोतल्या झुनी या मूळनिवासी लोकांच्या लाकडी बाहुल्यांचं तसंच आहे. नवखा माणूस बाहुली हातात आली की आधी तिचा चेहरा बघतो, एखाद्या जुन्या चित्राशी ताडतो, चित्र १९०३ चं म्हणून बाहुलीही तेव्हाचीच धरतो आणि पैसे मोजून मोकळा होतो.

मीही झालो होतो. फिनिक्सजवळ राहायला आलो त्याच वर्षी एका घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून ‘१८९० ची’ म्हणून एक बाहुली आणली. घरी येऊन उलटी केली, तर पायाखालच्या लाकडी ठोकळ्यात फुलीच्या खाचेचा स्क्रू. असे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. त्या बाहुलीकडे शेवटी परत येऊ. तोवर एवढंच धरून चाला: चेहरा ‘कोण’ ते सांगतो, ‘कधीची’ ते लाकूड, रंग, मान आणि तळवे सांगतात. या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत मिसळली की फसगत ठरलेली.

हातात घेण्याआधी

होपींची गावं ईशान्य ॲरिझोनात तीन सपाट डोंगरमाथ्यांवर आणि त्यांच्या पायथ्याशी आहेत. या माथ्यांना मेसा म्हणतात. पहिल्या मेसावर वाल्पी, दुसऱ्यावर शुंगोपावी, तिसऱ्यावर ओराइबी अशी गावांची नावं कानावर पडतील. झुनी तिथून आग्नेयेला, न्यू मेक्सिकोच्या पश्चिम कडेला, गॅलप शहराच्या दक्षिणेस. दोन्ही शेतकरी समाज, दोन्हींकडे पाऊस आणि मका हा जीव की प्राण. पण भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही.

होपींच्या श्रद्धेत कात्सिना म्हणजे पाऊस, पीक आणि आरोग्य घेऊन येणारी सत्त्वं. ॲरिझोनातल्याच फ्लॅगस्टाफ शहराजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर त्यांचा वास. हिवाळ्यातल्या अयनापासून ती गावात येऊ लागतात आणि जुलैत, निमान या निरोपाच्या सोहळ्यानंतर, परत जातात. मधल्या काळात, विशेषतः फेब्रुवारीतल्या पोवामू सोहळ्याला आणि निमानला, ती मुलींना कोरलेल्या बाहुल्या देतात. होपी भाषेत अशा एका बाहुलीला तिहू म्हणतात, अनेक असतील तर तिथू. इंग्रजीत रुळलेला ‘कचिना’ हा उच्चार बाहेरच्यांचा. होपी माणसं ‘कात्सिना’ म्हणतात. झुनींकडे याच जातीच्या सत्त्वांना कोक्को म्हणतात.

आपल्या डोक्यात लगेच दोन खण तयार असतात, मूर्ती नाही तर खेळणं. तिहू या दोन्हींत बसत नाही. तिची पूजा होत नाही, आणि ती नुसती खेळायलाही नसते. मुलगी तिला घेऊन फिरते, मग ती घरात भिंतीवर किंवा आढ्याला टांगली जाते. तान्ह्या मुलीला मिळते ती चपटी, पाटीसारखी बाहुली. बहुतेक वेळा हाहाईवूती, म्हणजे कात्सिनांची आई. आपल्याकडची जुनी ठकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा आकार चटकन ओळखीचा वाटेल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. बाहुल्या विकल्या जातात, होपी कारागीर स्वतः विकतात, त्यात गैर काही नाही. नाचात धारण केले जाणारे मुखवटे मात्र वेगळे. ते होपींच्या लेखी जिवंत आहेत, कुणाच्या खासगी मालकीचे नाहीत. २०१३ मध्ये पॅरिसला त्यांचा लिलाव झाला तेव्हा होपींनी कोर्टापर्यंत धाव घेतली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲनेनबर्ग फाउंडेशनने लिलावातून दोन डझन पवित्र वस्तू परत देण्यासाठीच विकत घेतल्या. झुनींच्या युद्धदेवांच्या लाकडी आकृत्यांचंही तेच. लांब, दंडगोल, वरच्या टोकाला चेहरा कोरलेला. त्या डोंगरातल्या स्थानांवर उघड्यावर ठेवलेल्या असतात आणि तिथेच झिजून मातीत जाव्यात असा संकेत आहे. १९७८ पासून झुनी मंडळी संग्रहालयांकडून त्या परत मागत आली आहेत आणि शंभराहून अधिक परत आल्या आहेत. नवख्याला अशी आकृती ‘जुनी झुनी बाहुली’ म्हणून दाखवली गेली, तर वय बघत बसू नका. हात लावू नका.

पायरी १ : वजन आणि लाकूड

बाहुली दोन्ही हातांनी, अंगाला धरून उचला. हात, कान, शिंगं यांना धरायचं नाही. ती बहुधा वेगळी करून बसवलेली असतात.

होपी बाहुली कॉटनवूडच्या मुळाची असते. हे झाड पॉप्लरच्या कुळातलं, ओढ्यानाल्यांच्या काठी वाढणारं. वाहून आलेली, वाळलेली मुळं कारागीर गोळा करतात. लाकूड मऊ, रेषा जवळपास न दिसणाऱ्या, आणि इतकं हलकं की पहिल्यांदा उचलताना हात अंदाजापेक्षा वर जातो. सावंतवाडीची पांगाऱ्याच्या लाकडाची फळं हातात घेतली असतील तर ती जाणीव आठवा. झुनी बाहुल्यांत पाइनचं लाकूड बऱ्याचदा दिसतं. ते जड, आणि त्याच्या रेषा रंगाखालूनही उमटतात.

मग लाकडावरच्या खुणा. जुन्या होपी बाहुलीला सुरीचे छोटे चपटे काप असतात आणि वालुकाश्माने घासून केलेला किंचित खरबरीत गुळगुळीतपणा असतो. एकसारख्या समांतर रेघा म्हणजे कानस किंवा पॉलिश पेपर. सगळीकडे अगदी एकसारखा गोलावा म्हणजे लेथ, आणि होपी कारागीर तिहू लेथवर कातत नाहीत. केसासारखी बारीक जळकी रेघ म्हणजे विजेची तापणारी लेखणी. ती आणि दातांच्या डॉक्टरकडे असतं तसं फिरतं हत्यार ही १९७० च्या सुमारापासूनची.

भेगांकडे नीट बघा. लाकूड वाळताना पडलेल्या भेगा शिरेच्या दिशेने जातात. जुन्या भेगेची कड बोथट असते आणि आतपर्यंत धूळ बसलेली असते. भेगेच्या आत बाहेरच्यासारखाच ताजा रंग दिसला, तर रंग भेगेनंतर चढला आहे. म्हणजे एक तर बाहुली पुन्हा रंगवलीय, नाही तर जुनं तडकलेलं लाकूड घेऊन नवी बाहुली केलीय. दुसरा प्रकार ऐकायला विचित्र वाटतो, पण चालतो.

पायरी २ : मान, पाठ, तळवे

दुकानात बाहुली समोरून दाखवतात. तुम्ही तिला वळवा.

टांगण्यासाठी केलेल्या बाहुलीच्या मानेभोवती दोरी असते, किंवा दोरी होती याची खूण तरी असते: मानेला घासून पडलेली खाच, तिथला उडालेला रंग, पाठीमागे ठोकलेला छोटा खिळा. भिंतीला टेकणारा पाठीचा भाग किंचित चपटा, काळवंडलेला आणि त्याच जागी घासलेला असतो. नाक, पोट, कोपर अशा पुढे आलेल्या जागा हाताने गुळगुळीत होतात. झिजेला कारण लागतं. काखेत, हनुवटीखाली, दोन पायांच्या मध्ये, म्हणजे जिथे ना हात पोचतो ना भिंत, तिथे झीज दिसली तर समजा कुणीतरी मुद्दाम घासलंय.

तळव्यांवरून बरंच कळतं. जुन्या बाहुल्या स्वतःच्या पायांवर धड उभ्या राहत नाहीत. पाय आखूड, तळवे छोटे, कधी नुसते खुंट. त्यांना उभं राहायचंच नव्हतं. गिऱ्हाइकाला कपाटात ठेवायला बाहुली हवी झाली तेव्हा पायाखाली ठोकळा आला. ठोकळे १९५० च्या आसपासपासून सर्रास दिसू लागतात. मात्र ठोकळा आहे म्हणून बाहुली नवी, असं एकदम म्हणू नका, कारण जुन्या बाहुलीला कुणी मालक मागाहूनही ठोकळा लावतो. पायाचा रंग सलग ठोकळ्यावर उतरला असेल तर दोन्ही एका वेळचे. पाय आणि ठोकळा यांच्या मध्ये गोंदाची वेगळी रेघ आणि पायाच्या तळाला झिजलेला रंग, तर ठोकळा मागाहूनचा.

सहीचीही गोष्ट इथेच. जुन्या बाहुल्यांवर सही नसते. मुलीला मिळणारी ती भेट, तिच्यावर कोण नाव घालणार? फ्लॅगस्टाफच्या म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोनामध्ये काम करणारे होपी कारागीर जिमी केवानवायतेवा हे सही करणाऱ्यांत अगदी सुरुवातीचे मानले जातात. त्यांच्या बाहुल्यांवर ‘जेके’ ही आद्याक्षरं सापडतात. सह्यांचा खरा प्रघात त्यानंतरचा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

पायरी ३ : रंग

वेळ घालवायचा तर इथे घालवा. माझा निम्मा वेळ याच पायरीवर जातो.

जुन्या रीतीत लाकडावर आधी पांढऱ्या मातीचा, म्हणजे केओलिनचा, अस्तर-हात दिला जातो. आपल्याकडे शाडूचा पातळ हात देतात तसा. त्यावर खनिज रंग: तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवडी, काळ्यासाठी काजळी किंवा कोळसा, आणि निळसर हिरव्यासाठी तांब्याचं खनिज. हे रंग मंद असतात. चकाकत नाहीत, उजेड पिऊन टाकतात, भिंगाखाली दाणेदार दिसतात. बांधणारा चीक कमी असल्यामुळे बोटाला भुकटी लागते. त्यामुळे बोट लावूच नका, भिंग लावा. दहा पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग पुरतं.

तांब्याचा निळा-हिरवा ओळखायला शिकलात तर निम्मं काम झालं. तो कधी एकसारखा नसतो. एका जागी हिरवट, दुसऱ्या जागी फिका निळा, मध्येच गडद कण. बाटलीतला निळा सगळीकडे सारखा असतो.

रेल्वे १८८१ साली गॅलपला पोचली आणि तिच्या मागोमाग व्यापारी, त्यांची दुकानं आणि बाजारातले रंग आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत एकाच बाहुलीवर खनिज रंग आणि दुकानातला रंग शेजारी-शेजारी सापडतात. म्हणून ‘एक रंग नवा म्हणजे सगळी बाहुली नवी’ किंवा ‘एक रंग जुना म्हणजे सगळी जुनी’, दोन्ही चूक. १९३० ते १९६० च्या दरम्यान शाळेत वापरतात तसले पाण्यात कालवायचे पोस्टर रंग फार चालले. तेही मंद आणि भुकटीसारखे दिसतात, आणि नवखा माणूस इथे सगळ्यात जास्त चकतो. फरक रंगाच्या जातीत दिसतो: पोस्टर रंगातला तांबडा गेरूसारखा विटकरी नसतो, शेंदराकडे किंवा गुलाबीकडे झुकतो, पिवळा लिंबासारखा असतो. १९६० नंतर ॲक्रिलिक आलं. त्याची पातळ कातडी बनते, कडेला सोललं तर प्लॅस्टिकसारखं उचकटतं, भुकटी होत नाही. त्यानंतरच्या काही दशकांत लाकडाचा पोत दिसावा म्हणून नुसता पातळ रंगीत हात देण्याची पद्धतही रुळली.

आता एक स्वस्तातलं साधन: अतिनील टॉर्च. ३६५ नॅनोमीटरचा घ्या. ३९५ चे स्वस्त टॉर्च नुसता जांभळा उजेड पाडतात आणि काही कळू देत नाहीत. अंधाऱ्या खोलीत बाहुलीवर धरा. पांढरी माती फारशी उजळत नाही. जस्ताचा पांढरा पिवळट-हिरवा उजळतो. टायटॅनियमचा पांढरा काळपट-जांभळा पडतो, आणि तो रंगाच्या धंद्यात १९२० च्या आसपास आला, म्हणजे त्याआधीच्या बाहुलीच्या मूळ रंगात तो असूच शकत नाही. कापड किंवा दोरा निळा-पांढरा लखलखला तर त्यात कपडे उजळ दिसण्यासाठी घालतात ते रसायन आहे, साधारण १९५० नंतरचं. अर्थात, मधल्या काळात एखाद्या मालकिणीने ते कापड साबणाच्या पावडरीत धुतलं असेल तरी ते लखलखेल. टॉर्चचा खरा उपयोग डागडुजी पकडण्यासाठी: साध्या उजेडात एकजीव दिसणाऱ्या रंगात नंतरचा हात वेगळा डाग होऊन उभा राहतो.

ओल्या बोळ्याने पुसून बघू नका. ‘पाण्याने निघाला म्हणजे जुना’ असं सांगणारे भेटतील. मातीचा रंग निघतो तसा पोस्टर रंगही निघतो, त्यामुळे कळत काहीच नाही, बाहुलीचं नुकसान मात्र कायमचं.

पायरी ४ : ठेवण

शरीराच्या ठेवणीवरून ढोबळ काळ सांगता येतो. अगदी ढोबळ, एवढं विसरू नका.

एकोणिसाव्या शतकातल्या बाहुल्या म्हणजे जवळजवळ एक दांडका. डोकं अंगाच्या मानाने फार मोठं, हात वेगळे नाहीत, पोटावर उथळ उठावात कोरलेले, पाय बुटके. १९०० ते १९३० मध्ये अंग थोडं माणसासारखं होतं, हात कधी धडापासून सुटतात. १९३० नंतर प्रमाण सुधारतं, गुडघे आणि खांदे दिसू लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर बाहुली हलायला लागते: एक पाय उचललेला, कंबर वाकलेली, हात वर. आणि १९७० च्या पुढे एकाच मुळातून कोरलेलं, बोटांची नखं आणि पिसाचा तंतू दाखवणारं शिल्प. हा बदल विक्रीसाठीच्या बाहुल्यांत जास्त झाला. तान्ह्या मुलीची चपटी बाहुली सव्वाशे वर्षांत फारशी बदललेली नाही. ठेवणीवरून तिचं वय सांगणारा एक तर थोर जाणकार, नाही तर थापाड्या.

पायरी ५ : होपी की झुनी?

झुनी बाहुली उंच, शिडशिडीत. हात वेगळे करून खिळ्याने किंवा खुंटीने बसवलेले, बऱ्याचदा खांद्यात फिरणारे. आणि ती कपडे घालते: खरं कापड, खरं कातडं, कमरेला खरा पट्टा. होपी बाहुलीचं वस्त्र जुन्या काळी अंगावर रंगवलेलं असतं. दोन बाहुल्या शेजारी ठेवल्या तर हा फरक अंधारात हात फिरवूनही कळेल.

घोळ दोन ठिकाणी होतो. पहिला नावाचा. होपी भाषेत झुनींना ‘सियो’ म्हणतात. होपींनी शेजाऱ्यांकडून काही कात्सिना घेतले, त्यांची नावं सियो हेमिस, सियो सालाको अशी. अशी बाहुली बहुधा होपी कारागिराचीच असते, पण चिठ्ठीवर ‘झुनी’ लिहिलेलं असतं. दुसरा घोळ कोयेम्सीचा. मातीच्या रंगाचा, डोक्यावर गुठळ्यांसारखे उंचवटे असलेला हा विदूषक दोन्हींकडे आहे. तिथे चेहरा कामाचा नाही. लाकूड, हात आणि कपडे बघूनच ठरवायचं.

बाजारात झुनी बाहुल्या कमी असतात. झुनींमध्ये बाहेरच्याला बाहुली विकण्याला विरोध मोठा होता. जेम्स आणि माटिल्डा स्टीव्हनसन हे संशोधक दांपत्य १८७९ च्या मोहिमेत झुनीला पोचलं, १९०३ पासून ब्रुकलिन म्युझियमसाठी स्टुअर्ट क्युलिन यांनी तिथे बऱ्याच वस्तू गोळा केल्या. जुनं जे बाहेर गेलं त्यातलं पुष्कळसं असं संग्रहालयांत आहे. ‘जुनी झुनी’ स्वस्तात मिळत असेल तर जरा थांबा.

पायरी ६ : जोडलेल्या गोष्टी

खिळे, दोरा, कापड, पिसं. इथे एकच नियम: बाहुलीत मुळापासून असलेली सगळ्यात नवी गोष्ट तिचं वय ठरवते. गोल तारेचा खिळा १८९० च्या सुमारास सगळीकडे पसरला; तो मुळातला असेल तर बाहुली त्याच्या फार आधीची नाही. उलट्या दिशेने हा नियम चालत नाही. चौकोनी कापीव खिळा असला म्हणजे बाहुली जुनी असं नव्हे, कारण मोडक्या दारातला जुना खिळा कुणीही उपटून वापरतो. आणि ‘मुळातला’ हा शब्द महत्त्वाचा. पिसं तर किडे खातात आणि मालक बदलतात. जुन्या बाहुलीवर मूळ पीस टिकलेलं असणं हा अपवाद.

पिसांचा कायदाही समजून घ्या, नाही तर बाहुलीपेक्षा वकील महाग पडेल. अमेरिकेत १९१८ च्या कायद्याने बहुतेक देशी पक्ष्यांच्या पिसांच्या विक्रीवर बंदी आली, १९४० मध्ये बॉल्ड ईगल आणि १९६२ मध्ये गोल्डन ईगल यांना वेगळं संरक्षण मिळालं. गरुडाचं जुनं पीस जवळ बाळगायला एक वेळ हरकत नसेल, पण ते विकता येत नाही, बाहुली शंभर वर्षांची असली तरी. म्हणून प्रामाणिक विक्रेते पिसं काढून बाहुली विकतात, आणि म्हणूनच १९७० नंतरच्या कारागिरांनी लाकडातच पीस कोरण्याची कला एवढी वाढवली. पिसांसह बाहुली सुटकेसमध्ये घालून मुंबईला न्यायचा विचार असेल तर आधी परवान्याची चौकशी करा.

पायरी ७ : आता चेहरा

शेवटी इथे आलो. अंगापेक्षा डोकं महत्त्वाचं. एकाच प्रकारचं वस्त्र आणि पट्टा पन्नास कात्सिनांना असतो. डोकं या क्रमाने वाचा: आकार गोल, नळकांड्यासारखा की पिशवीसारखा, तोंडाला चोच आहे, नळी आहे की दात, कान, शिंगं, पंख, मग डोळ्यांचा आकार आणि गालावरच्या खुणा. दोन्ही बाजूंना कावळ्याचे पंख असतील तर ती कावळा-माता, अंग्वुसनासोमताका. डोक्यावर पायऱ्या-पायऱ्यांची उंच रंगीत फळी असेल तर हेमिस, तो निमानला येतो. अंगभर काळे-पांढरे पट्टे आणि दोन शिंगं असतील तर तो पहिल्या मेसावरच्या हानो गावचा विदूषक. विदूषक काटेकोरपणे कात्सिना नव्हेतच, पण बाहुल्या त्यांच्याही होतात. रंग दिशाही सांगतो: पिवळा वायव्येचा, निळा-हिरवा नैर्ऋत्येचा, तांबडा आग्नेयेचा, पांढरा ईशान्येचा. त्यामुळे एकच कात्सिना वेगवेगळ्या रंगांत दिसला तर गोंधळू नका.

ताडून बघायला दोन गोष्टी कामाच्या. मानववंशशास्त्रज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी होपी चित्रकारांकडून काढून घेतलेली कात्सिनांची रंगीत चित्रं १९०३ साली प्रसिद्ध झाली. आणि हॅरॉल्ड कोल्टन यांनी १९४९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फुलं ओळखायला करतात तशी एक किल्ली तयार केली, अडीचशेहून अधिक कात्सिनांची. शिवाय फिनिक्सच्या हर्ड म्युझियमला जा. बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६४ मध्ये दिलेला ४३७ बाहुल्यांचा संग्रह तिथे आहे. शंभर बाहुल्या प्रत्यक्ष बघितल्या की डोळा तयार होतो, हजार फोटोंनी होत नाही.

आणि कधी कधी चेहरा कुठेच बसत नाही. लगेच ‘नकली’ म्हणू नका. १९०६ साली ओराइबी गाव दुभंगलं तेव्हाचे तिथले प्रमुख विल्सन तावाक्वाप्तेवा पुढे विक्रीसाठी बाहुल्या कोरत. ते मुद्दाम एकाचे कान, दुसऱ्याची चोच, तिसऱ्याच्या खुणा अशी सरमिसळ करत, म्हणजे खऱ्या कात्सिनाची बाहुली बाहेरच्याच्या हाती जायला नको. १९६० मध्ये ते वारले. आज संग्राहक त्याच ‘चुकीच्या’ बाहुल्या शोधत फिरतात. मला या माणसाचं फार कौतुक आहे.

पायरी ८ : जुनं सोंग आणि नवं सोंग

नकली म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो. पहिली, पर्यटकांसाठीच्या दुकानातल्या बाहुल्या: झगझगीत रंग, भरपूर फर, कातड्याच्या पट्ट्या, लेथवरचं अंग. यातल्या बऱ्याच नवाहो या शेजारच्या समाजातल्या कारागिरांच्या असतात. नवाहोंच्या धर्मात कात्सिना नाहीत. त्या बाहुल्या शोभेच्या म्हणून ठीक, होपी म्हणून नव्हेत. दुसरी, खरोखरची लबाडी: चहा-कॉफीचं पाणी, बुटाचं पॉलिश, चुलीचा धूर. वास घ्या. पॉलिश आणि ताजा धूर नाकाला लगेच कळतो. चहाचा डाग खाचेत साचतो आणि सुकताना त्याला गडद कड येते. खरी धूळ वरच्या बाजूंवर बसते, खाली नाही.

तिसरी लबाडी नव्हेच. १९७० च्या दशकापासून मॅनफ्रेड सुसुनकेवा आणि त्यांच्यामागून इतर होपी कारागिरांनी मुद्दाम जुन्या ठेवणीकडे परतून मातीचे रंग, दोरीने टांगायची साधी बाहुली असं काम सुरू केलं. सुंदर असतं, आणि ते स्वतः कधी जुनं म्हणून विकत नाहीत. पण दोन-तीन मालक फिरले की चिठ्ठी हरवते आणि बाहुली एकदम शंभर वर्षांची होते. हिला लाकूड पकडून देत नाही, रंगही नाही. पकडून देते ती मान आणि पाठ. दोरीने खाच पाडलेली नसते.

कागद मिळाले तर मागा: जुनी पावती, घरातला फोटो, संग्रहालयाचा शाईने लिहिलेला क्रमांक, ग्रँड कॅन्यनच्या होपी हाउस या दुकानाची चिठ्ठी. होपी हाउस १९०५ ला सुरू झालं, म्हणजे त्याची चिठ्ठी त्या वर्षाआधीची असू शकत नाही. चिठ्ठी एका बाहुलीवरून दुसरीवर जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्या. ‘आजोबांनी होपींकडून थेट घेतली’ या वाक्याला मी कागद समजत नाही.

आणि स्वतः होपी गावांत गेलात, कारागिराला विचारायला गेलात, तर कॅमेरा गाडीतच ठेवा. तिथे फोटो, चित्रं, ध्वनिमुद्रण काहीही चालत नाही. जुन्या बाहुलीबद्दल विचारलं आणि समोरचा गप्प राहिला, तर तेच उत्तर समजायचं. पुन्हा विचारायचं नाही.

माझ्या बाहुलीचा कागद

निष्कर्ष नेहमी लिहून काढा, आणि नेमकं साल नको, काळाचा पट्टा लिहा. माझ्या त्या ‘१८९० च्या’ बाहुलीचा कागद असा झाला. लाकूड: कॉटनवूडचं मूळ, हलकं, सुरीचे काप, त्यावर कानशीच्या रेघा. मान: दोरीची खूण नाही. तळवे: ठोकळा, फुलीच्या खाचेचा स्क्रू, पायाचा रंग ठोकळ्यावर सलग उतरलेला, म्हणजे ठोकळा मुळातला. रंग: मंद, पण तांबडा शेंदरी आणि पिवळा लिंबासारखा, पोस्टर रंग. टॉर्चखाली: गळ्याभोवतीचं कापड लखलखीत निळं, पांढरा रंग काळपट. ठेवण: उजवा पाय उचललेला. पिसं: नाहीत, डोक्यात पिसासाठी केलेली रिकामी भोकं तीन. सही: नाही. होपी, विक्रीसाठी केलेली, १९५० ते १९६५.

नावाची ओळ अजून कोरी आहे. चोच एकाची आणि कान दुसऱ्याचे आहेत.